वाटणी

बिश्केकहून निघालो तेव्हा सागिनबेक आणि बाई धरून बारा.
मोजायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं,
असं गुलसात बाई म्हणाल्या,
जणू डोकी मोजायला अक्षर लागतं.

व्हॅनला दार एकच, तेही दोरीनं बांधलेलं.
घाट चढताना सागिनबेक शिव्या आम्हाला देत होता
की इंजिनाला,
हे कळण्याइतकं किरगिझ अजून कुणाला येत नव्हतं.
ओउझहान खिडकीशी हिरवा पडलेला.
पामीरची फरिश्ता डोळे मिटून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती.
डोंगर तिच्या घरी होते,
शिकायला आली ती ट्रॉलीबससाठी.
मागच्या सीटवर जोंग-हा हाताची हाडं पाठ करत होता,
सोमवारी तोंडी परीक्षा:
स्काफॉइड, लुनेट, ट्रायक्वेट्रल...
तीन हजार मीटरवर त्याला धाप लागली
आणि पिसिफॉर्म राहून गेलं.

मग एकदम तळं. सोन-कुल.
आम्ही सगळ्यांनी फोटो काढले,
एकाही फोटोत ते आलेलं नाही.
थंडी मात्र आली आहे, प्रत्येकाच्या नाकावर.

बुरुलनं युर्तच्या दारात नावं विचारली नाहीत,
वयं विचारली.
एकेकाचं, बोटांवर, पुन्हा खात्री करून.
आम्हाला वाटलं, कसल्या तरी नोंदवहीसाठी.

रात्री मेंढा आला, परातीतून, वाफेसकट,
तेव्हा कळलं वयं कशाला.
कमरेचं हाड सागिनबेकला, तो सगळ्यांत थोरला.
दिवसभर खेकसलेला माणूस
ते दोन्ही हातांनी घेताना लाजला.
माकडहाड बाईंना.
मग मांड्या, मग नळ्या, वयानं उतरत उतरत.
खांद्याचं पान कुणा एकाचं नसतं,
ते पंगतभर फिरलं.
कान कापून एर्मेकला, तिच्या सात वर्षांच्या पोराला,
मोठ्यांचं ऐकावं म्हणून.
'इलियम,' जोंग-हा माझ्या कानाशी पुटपुटत होता,
'कॉक्सिक्स. फीमर. स्कॅप्युला.'
एकही चुकला नाही.
बुरुलची नावं वेगळी होती,
आणि तिला पुढचंही येत होतं: कुणाचं.

मी शेंडेफळ. माझ्यापुढे हाताचं हाड आलं.
मी मांस खात नाही, हे मी तीन भाषांत सांगितलं,
तिन्हींत चुकीचं.
तिनं ऐकून घेतलं. हाड उचललं नाही.
खाऊ नकोस म्हणते, बाईंनी समजावलं,
पण तुझं तुझ्यापुढे असू दे,
नाहीतर वाटणीत खोट राहते.

आमचे एक मामा आहेत,
नारळ लहान मिळाला म्हणून
भर मांडवातून उठून गेलेले.
बावीस वर्षं सगळे हसतोय आम्ही त्यांना.
त्या रात्री, शेणाच्या धुरात डोळे चोळताना,
पहिल्यांदा मला त्यांची बाजू कळली.

सकाळी व्हॅनमध्ये मोजलं तर तेरा.
पुन्हा मोजलं. तेराच.
मागच्या सीटखाली, झोपायच्या पिशव्यांच्या ढिगात, एर्मेक.
कान खाल्ल्याचा काही उपयोग झाला नव्हता.
त्याला लिफ्ट बघायची होती.
ओउझहाननं रात्री हातवारे करून सांगितलेलं:
आमच्या होस्टेलात एक खोली आहे, ती वर जाते.
ती मार्चपासून बंद आहे,
हे सांगायचं राहिलं होतं.

बुरुल ओरडली नाही.
अडलेलं कोकरू काढतात तसं
पायाला धरून तिनं त्याला बाहेर घेतलं,
आणि त्याच हातानं खिडकीतून माझ्याकडे
एक प्लास्टिकची पिशवी सरकवली, गाठ मारलेली.

मी पुन्हा मोजलं. बारा.
एर्मेक गाडीमागे पळाला नाही,
पाठ करून उभा राहिला, दगड मारत, तळ्याला.

घाट उतरताना पिशवी मांडीवर.
चरबी गोठून पांढरी झालेली, व्हॅनभर वास.
फरिश्तानं मुकाट्यानं काच खाली केली.
जोंग-हानं वहीतून डोकं काढून वाकून पाहिलं.
'रेडियस?'
मी म्हटलं, हो.
दोन वळणं गेल्यावर म्हटलं, माझं.